कच्चा गुलाबी

वाल्मिकचा डोळा सुरतेजवळच्या सगळ्या पलसाण्यात गाजलेला होता, आणि तो गाजवण्यात सगळ्यांत पुढं खुद्द वाल्मिकच होता. हायवेच्या कडेला असलेल्या डाइंग मिलमध्ये तो शेड जुळवायचं काम करी. व्यापाऱ्यानं साडीचा बोटभर तुकडा टेबलावर टाकला, की वाल्मिक तो ट्यूबलाइटखाली धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचा, "राणी गुलाबी आहे, पण पोटात पिवळा लपलाय. तेवढा काढा." रंगाचे मास्तर रंग बदलायचे आणि शेड तंतोतंत बसायची. मग वाल्मिक दिवसभर छाती काढून फिरायचा.

दुसरं काम रंग पक्का आहे की कच्चा ते बघण्याचं. पांढरा फडका ओला करायचा, रंगवलेल्या कापडावर दाबून घासायचा. फडका कोरा राहिला तर माल पुढं जायचा, डागला तर परत हौदात. हे काम त्यानं आयुष्यात एकदाच टाळलं. कापडावर टाळलं असतं तर काही साड्या वाया गेल्या असत्या आणि विषय संपला असता.

मिलच्या मागं शेठची पक्षीबाग होती. शेठला हौस दांडगी. जुन्या तळ्याभोवती लोखंडी खांब रोवून वरून जाळी ताणली होती, मधल्या बाभळींवर ढोकांची घरटी होती. ढोक म्हणजे कमरेएवढं उंच पाखरू. पिवळी लांब चोच, छातीवर काळा पट्टा, आणि पंखांच्या मागच्या टोकाला अशी गुलाबी पिसं की मिलमधल्या बायका डबा खाताना त्यांच्याकडेच बघत बसायच्या. त्यांच्यात शेठनं कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडून एक परदेशी नर आणून सोडला. तो पांढराफेक, तोंड तेवढं तांबडं. त्यानं इथल्याच एका मादीशी घरटं केलं, आणि वांधे तिथून सुरू झाले.

शेठच्या पाहुण्यांना ही बाग फार शांत वाटायची. पाहुणे जाळीच्या बाहेरून बघतात. आत ढोकाची चोच म्हणजे उपसलेली सुरी. घरटी बांधायचे दिवस आले की एका काडीवरून नर एकमेकांचे डोळे काढायला धावत. त्या पांढऱ्याला तर बाकीच्यांनी एका सकाळी मिळून संपवलं. लोक कामावर आले तेव्हा तो तळ्यात पालथा पडला होता, पोट फाटलेलं, आणि ज्यांनी मारला तेच शेजारी उभं राहून पिसं साफ करत होते. त्याची पिल्लं मात्र मागं राहिली. सगळी घरटी एकमेकांना खेटून. कुठलं पिल्लू कुणाचं, कुणी खूण करून ठेवली होती?

एका तरुण नराचे तर फारच हाल. कुठंही बसला की चार चोची अंगावर येत. शेवटी त्यानं कोपरा धरला, जिथं मिलचं गटार फुटून कोमट पाणी तळ्यात झिरपायचं. तिकडं दुसरं पाखरू फिरकत नसे. तिथं तो पाय मुडपून तासन् तास बसे, शेपटाकडची पिसं पाण्यात. दोन हिवाळ्यांत त्याची ती पिसं अशी गुलाबी झाली की सगळ्या बागेत तसं पाखरू नाही. लोक त्याला नवरदेव म्हणू लागले.

बाग सांभाळायचा सुकलाल, वाल्मिकच्या थोरल्या बहिणीचा नवरा. खानदेशातल्या चोपड्याकडचा साधा माणूस. मासे कापायचे, घाण काढायची, पाखरांशी अहिराणीत बोलायचं. सुरतेतल्या गोडादऱ्यात त्याची खोली होती, आणि वाल्मिक त्यांच्याकडेच राहायचा. आई गेल्यावर वत्सलानंच त्याला हाताखाली घेऊन मोठं केलं होतं. वत्सलाला स्वतःचं मूल नव्हतं. तिच्याकडे चंचल होती.

प्लेगच्या साली सगळं सुरत जीव घेऊन पळत होतं, तेव्हा बाभळीखाली एक पिल्लू पडलेलं सुकलालला सापडलं. अंगावर पीस नाही, नुसतं तोंड. त्यानं ते रंगाच्या रिकाम्या डब्यात घातलं. वत्सलानं तो डबा मांडीवर धरून ट्रकमधून गावापर्यंत नेला आणि वाटेत स्वतः चावून मऊ केलेले बोंबील त्याला भरवले. ट्रकमधले लोक म्हणाले, बाई, या रोगराईत हे काय धरून बसलीस, फेक. तिनं एकालाच असं काही उत्तर दिलं की चोपड्यापर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. सुरतेला परतल्यावर चंचल बागेत गेली, पण वत्सला मासे कापायला आली की ती धावत यायची आणि तिच्या पदराचं टोक चोचीत धरून मागं मागं फिरायची. वाल्मिकलाही ओळखायची. त्याच्या डब्यातला बांगड्याचा तुकडा तिनं कितीदा तरी हातातून उचलला होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मनुभाई मॅनेजर बागेत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. बागेला सरकारी मान्यता हवी होती. त्यासाठी बडोद्याहून पाखरांचे जाणकार तपासणीला येणार होते, आणि कुणीतरी मनुभाईंच्या कानावर घातलं होतं की दोन जातींची मिसळ झालेली पाखरं दिसली तर मान्यता विसरा. शेठ म्हणाले, साहेब यायच्या आत मिसळीचे तेवढे साफ करा. साफ करा म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. शेठ लोक सांगत नसतात.

"पण ओळखायचे कसे?" सुकलालनं विचारलं.

मनुभाईंनी वाल्मिकच्या खांद्यावर हात ठेवला. "जो वाल्मिक, तारी आंख पर भरोसो छे." आणि जाता जाता असंही म्हणाले की मोठे मास्तर आता थकलेत, त्या खुर्चीत बसायला डोळ्याचा माणूस लागेल. वाल्मिक तिथंच दोन इंच उंच झाला.

आता या शहाण्याला पाखरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. नाही कळत म्हणाला असता तर कुणी फाशी देणार नव्हतं. पण ज्याला रंग कळतो त्याला सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं विचार केला तो कापडाचाच: पांढऱ्यात गुलाबी मिसळला की गुलाबी फिका पडतो. म्हणजे ज्याचा गुलाबी फिका, त्याच्यात पांढऱ्याची भेसळ. मग अस्सल नमुना कुठला धरायचा? सगळ्यांत गडद जो असेल तो. त्यानं कोपऱ्यातल्या नवरदेवाचं एक पीस उपटून घेतलं. ते बोटाला जरा चरबट लागलं. पाखराचं पीस असंच असेल म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. पांढरा फडका त्याच्या खिशातच होता, नेहमी असायचा. पण जित्या पाखरावर कुणी फडका घासतं का?

घरी वत्सलानं ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, "वाल्या, चंचलले हात लावू नको. ती मनी पोर शे."

"ताई, मी थोडाच कुणाला मारतोय? रंग सांगेल ते खरं."

"दाजीस्ले इचार. ती आपलाच ढोकस्ना घरट्यामाईन पडेल शे."

"दाजी तर तेच म्हणणार," वाल्मिक म्हणाला आणि पाणी प्यायला.

गोदामात दिवसाउजेडी दारं लावून ट्यूबलाइट पेटवल्या. एकेक पाखरू जाळ्यात धरून आणायचं, वाल्मिकनं पंख ताणून मागच्या पिसाला नमुना लावायचा आणि म्हणायचं, "चालेल" किंवा "नाही." वॉचमन दोघं, सोबत मनुभाई, आणि पाखरं आणून द्यायला सुकलाल. पहिलं 'नाही' झालं तेव्हा वॉचमननं मान पिरगाळली, पण ढोकाची मान लांब, ती एका पिळात तुटत नाही. पाखरू हातातून सुटलं आणि मान वाकडी झालेली तशीच घेऊन गोदामभर धावलं, भिंतींवर आपटलं, कापडाच्या पांढऱ्या ताग्यांवर रक्ताचे फराटे ओढत गेलं. शेवटी लोखंडी सळईनं त्याचं डोकं ठेचलं. दुसऱ्या 'नाही'च्या वेळी वॉचमन शहाणा झाला होता; त्यानं आधी सळईच घातली. तरी मरता मरता त्या पाखरानं चोच चालवली आणि त्याचं मनगट हाडापर्यंत उघडं केलं. वॉचमन शिव्या देत मेलेल्या पाखराला लाथा घालत राहिला. वाल्मिक एक पाऊल मागं सरला. पण हातातला नमुना हलला नाही, याचा त्याला त्याही वेळी अभिमान वाटला.

तिसरी चंचल. तिला जाळं लागलंच नाही, ती सुकलालच्या मागून आपल्या पायांनी चालत आली. वाल्मिकला बघून तिनं चोच वाजवली आणि त्याच्या खिशाकडं मान लांब केली. वाल्मिकनं पंख ताणला. पिसाला गुलाबीची नुसती झाक होती, धुतलेल्या साडीच्या पदराला असते तेवढी. नमुन्याच्या पाव हिश्शानंही नाही.

त्यानं नमुना परत लावला, मग आणखी एकदा. मनुभाई म्हणाले, "शुं थयुं? घर का मामला है, इसलिए?"

हे वाक्य वाल्मिकच्या वर्मी बसलं. "नाही," तो म्हणाला. "हे पण नाही."

सुकलालनं चंचलला बगलेत मारलं आणि दाराकडं पळत सुटला. म्हातारा होत आलेला माणूस, बगलेत एवढं पाखरू, पळणार कुठं? वॉचमननं सळई त्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो पडला तरी पाखराला सोडेना. मग दोघांनी लाथा घातल्या, तोंडावर, बरगड्यांवर. त्याचे दोन दात जमिनीवर पडले, आणि रक्ताच्या गुळण्या टाकत तो ओरडत होता, "वाल्मिक, तूच सांग रे त्यास्ले! तूच सांग!"

वाल्मिक पुढं झाला. सुकलालला वाटलं, सोडवायला आला. त्यानं बगल सैल केली. वाल्मिकनं चंचलला उचललं, दोन्ही हातांनी तिची मान धरली आणि पिळली. ती त्याला चावली नाही. इतरांनी जीव खाऊन चोची मारल्या, हिनं मारली नाही. शेवटपर्यंत तिला हा खेळच वाटला असावा. मान तुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ वाल्मिक तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं बघत होता, कारण दुसरीकडं बघायचं तर सुकलाल होता.

"वाह," मनुभाई म्हणाले.

वत्सला त्या दिवशी रडली नाही, किंचाळली नाही. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये घालून आणला, त्याला पातळ भात भरवला. मग वाल्मिकसमोर येऊन तिनं एकच विचारलं, "ती खरीच मिसळनी व्हती?"

"खरीच, ताई. आज ना उद्या साहेबांनी मारलीच असती. माझा डोळा खोटं बोलत नाही."

तिनं ते मानलं. मानलं म्हणूनच त्याचं अंथरूण बाहेर फेकलं नाही. ती त्याला जेवायला वाढायची, कपडे धुवायची, फक्त बोलायची नाही.

बडोद्याचे साहेब आले त्या दिवशी वाल्मिक पांढरा स्वच्छ शर्ट घालून गेला. मशीनकडं फिरकलाही नाही. मेलेली पाखरं तापानं गेली, असं मनुभाईंनी सांगितलं. साहेब तळ्याकाठी दुर्बीण लावून बसले. मग मनुभाईंनी शहाणपण दाखवायला विचारलं, फिका गुलाबी असला की मिसळ समजायची ना?

साहेब म्हणाले, नाही, तसं ठरवता येत नाही. चित्रबलाक, म्हणजे हा तुमचा ढोक, कोवळा असला तर गुलाबी कमीच असतो, आणि बर्फातल्या माशांवर जगणाऱ्या पाखरांचा तर पुष्कळदा फिकाच राहतो. आधी छाती बघायची. काळा पट्टा सलग, भरलेला असेल तर बहुतेक अस्सल. तुटक, ठिपक्याठिपक्यांचा असेल, वर मागची पिसं पांढरट असतील, तर संशय घ्यायचा.

वाल्मिकच्या डोळ्यांपुढं चंचलची छाती आली. मान पिळताना ती त्याच्या पोटाला टेकलेली होती. पट्टा काळाभोर होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठं सुतभर खंड नव्हता. 

"तो कोपऱ्यातला पकडा," साहेब म्हणाले. "त्याचा पट्टा तुटक वाटतोय."

सुकलालचा हात प्लास्टरमध्ये. वाल्मिक गुडघाभर पाण्यात उतरला. नवरदेवानं अशी झुंज दिली की जन्मभर मार खाल्लेलं पाखरूच देईल. त्यानं वाल्मिकचा कान फाडला, गालावर चोचीचा वळ उठवला. पाण्यात दोघं लोळले. शेवटी वाल्मिकनं त्याची चोच मुठीत धरली आणि पाठ आपल्या छातीशी आवळून त्याला काठावर आणलं. साहेबांनी समोरून छाती तपासली. पट्टा खरंच तुटक होता. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग म्हणाले, "संशय आहे. पण मिसळीत इतका गडद गुलाबी मी तरी पाहिलेला नाही. सध्या राहू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा बघतो."

नवरदेवाला सोडल्यावर वाल्मिकनं खाली बघितलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, छातीपासून पोटापर्यंत, गुलाबी डाग पसरला होता. त्यानं तो रंग लगेच ओळखला. राणी, पोटात पिवळा. दोन हिवाळे त्याच मिलमधून, त्याच्याच हाताखालून निघालेला, गटारातून वाहून आलेला. त्यानं काठावर ठेवलेला टॉवेल छातीवर ओढून घेतला आणि सगळ्यांबरोबर चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुकलाल प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेलेला. गल्लीतल्या नळावर वत्सला कपडे घेऊन बसली होती, दोन्ही बाजूंचे लूम खटाखट चालू होते. वाल्मिकनं तो शर्ट गोधडीखाली दडवला होता; तिनं गोधडीही धुवायला काढली. तो बाहेर आला तेव्हा बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

"हाऊ रंग कसाना शे?"

"मशीनचा."

"तू काल मशीनकडे गया नही. साहेब येणार व्हता म्हणीसन धवळा शर्ट घाला." तिनं शर्ट पिळला, धार तिच्या मनगटावरून ओघळली. ती मिलगावात जन्म काढलेली बाई होती, तिला मिलचा रंग दाखवावा लागत नव्हता. "काल तू फक्त नवरदेवले धरं व्हतं. दाजीनी सांगं माले."

वाल्मिक तिच्यासमोर खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. पट्ट्याचं, गटाराचं, न घासलेल्या फडक्याचं. लूमच्या आवाजात त्याला मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळं ते अधिकच लाजिरवाणं झालं.

वत्सलानं कपडे बडवायची मोगरी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा गालफडावर, एकदा कपाळावर, मग त्याच डोळ्यावर. त्यानं हात वर केले नाहीत. "ती तुले चावनी नही ना? नही ना चावनी?" ती दर फटक्याला विचारत होती. शेजारच्या बायका धावत आल्या आणि तिचा चेहरा बघून जागच्या जागी थांबल्या. तिची ताकद संपली तेव्हा मोगरी हातातून गळाली, आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं. "तिनामा जेवढा रंग व्हता, तेवढा पक्का व्हता रे."

वाल्मिकचा डोळा सुजून बंद झाला होता. "ताई, मी आत्ता जातो. मनुभाईंना खरं सांगतो."

ती रडायची थांबली. "मंग त्या नवरदेवले मारतीन."

"मारतीलच."

तिनं मोगरी उचलून बादलीशेजारी ठेवली. "मंग सांगू नको. त्या जीवनी काय करं? सगळास्ना मार खाई खाईसन तो त्या गटारमा बसना." तिनं शर्ट परत पाण्यात बुडवला. "तू खोटाच ऱ्हाय. आनि त्याना रंग उतरना, ते तूच चढाव."

आज वाल्मिक मोठा मास्तर आहे. उजव्या डोळ्याला थोडं धूसर दिसतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. व्यापारी अजून त्याच्या डोळ्याची तारीफ करतात, आणि तो आता तारीफ सुरू झाली की उठून बाहेर जातो. सुकलालला खरं काय ते कुणी सांगितलेलं नाही. तो वाकड्या हातानं नवरदेवाला मासे टाकतो आणि म्हणतो, ह्यानाच नशीब चांगलं.

गटार दुरुस्त झालं. पिसं फिकी पडू लागली की दुपारी, सुकलाल जेवायला गेला म्हणजे, वाल्मिक मगभर राणी घेऊन बागेत जातो. वत्सला चोच धरते, तो एकेका पिसाला रंग चढवतो. पाखरू तडफडतं. कधी कधी ती चोच सोडते, मुद्दाम की चुकून ते तो विचारत नाही. त्याच्या हातांवर चोचीच्या खुणा कोपरापर्यंत गेल्या आहेत. काम झालं की तो खिशातला पांढरा फडका ओला करून पिसावर घासतो. फडका दर वेळी गुलाबी होतो, आणि वत्सला तो धुवायला घेऊन जाते.